जागल

शहरात वाढलेल्यांना 'जागल' हा शब्द कदाचित माहीत नसेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो अजून रोजच्या बोलण्यातला आहे. तूर, हरभरा, पऱ्हाटी हाताशी आली की रात्री वावरात रानडुकरं आणि रोही शिरतात आणि एका रात्रीत निम्मं पीक लोळवून जातात. म्हणून कुणीतरी मचाणावर बसून रात्र काढायची. बॅटरीचा झोत फिरवायचा, डबा बडवायचा, मधूनमधून मोठ्यानं हाळी द्यायची. ही जागल. शेजारच्या वावरवाल्यांशी पाळी लावलेली असते. आज तुमची, उद्या आमची.

जागलीच्या जोडीला ओलीत असतं. शेतीच्या पंपाला लागणारी थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाराला नाहीतर दोनला 'लाइन' येते आणि माणूस अंथरुणातून उठून विहिरीवर मोटर सुरू करायला जातो. थंडीत, चिखलात, सापाविंचवात. 'दिवसा वीज द्या' ही मागणी इतकी जुनी आहे की माझ्या वयाची माणसं ती ऐकतच मोठी झाली.

आबाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांनी, ही दोन्ही कामं वर्षानुवर्षं केली. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. २०१७ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, आबाजींना डिमेन्शिया असल्याचं निदान झालं. त्यातला अल्झायमर हा प्रकार, असं डॉक्टर म्हणाले.

मराठीत याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्या शब्दामुळे आपली समजूत होते की हा फक्त विसरण्याचा आजार आहे. विसरणं आमच्या घरानं निभावून नेलं. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं की नाही, समोर बसलेली पोरगी कोण, हे दिवसातून वीस वेळा सांगता येतं. घर टेकीला आलं ते रात्रींमुळे. या आजाराबद्दल बोलताना रात्रीबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून हे लिहिते आहे.

*

सुरुवात साधी होती. दिवसा ओसरीवर बसल्या बसल्या आबाजींची मान खाली जायची. म्हातारं माणूस आहे, डुलकी लागणारच, असं सगळे म्हणायचे. मग रात्री एकच्या सुमाराला ते उठू लागले. उशाची बॅटरी चाचपायची, पायात चपला सरकवायच्या आणि दाराशी जाऊन उभं राहायचं. आई त्यांना मामाजी म्हणायची. विदर्भात सून सासऱ्याला मामाजीच म्हणते.

"मामाजी, कुठी निघाले?"

"लाइन आली ना. मोटर चालू करून येतो."

"लाइन नाही आली अजून."

"आली. मले आवाज आला मोटरचा."

कधी लाइन, तर कधी डुकरं. "तुरीत डुकरं घुसले, तुमाले ऐकू नाही येत काय?" महिना जूनचा असायचा, तूर अजून पेरायची असायची. कधी गोधडी गोळा करून निघायचे. खाटेवरून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात. सकाळी त्यांचं अंथरूण शोधणं हे एक कामच होऊन बसलं.

पुढे या आजाराबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं की अंथरूण ओढत फिरणं याच्या पहिल्या नोंदीतच आहे. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट इथल्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचा अभ्यास केला आणि त्याच वर्षी तो डॉक्टरांच्या सभेत मांडला. पुढच्या वर्षी छापून आलेल्या त्यांच्या लेखात असं आहे की ही बाई आपलं अंथरूण इकडून तिकडे ओढत नेते आणि नवऱ्याला, मुलीला हाका मारते.

हे मी आईला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे हा हट्ट नाही तर." गावातले लोक तिला तेच सांगत होते: म्हातारपणी माणूस हट्टी होतो, तू लक्ष देऊ नको. शंभर वर्षांपूर्वीची एक जर्मन बाई तेच करत होती म्हटल्यावर तिचा राग बराच उतरला. रात्री उठणं मात्र चालूच राहिलं.

*

त्यात आमच्या भागातल्या रात्री तेव्हा साध्या नव्हत्या. राळेगाव आणि पांढरकवड्याच्या पट्ट्यात २०१६ पासून वाघाच्या हल्ल्यांत माणसं मरत होती. टी-१ या वाघिणीवर तेरा जणांच्या मृत्यूचा ठपका होता. देशभर ती 'अवनी' या नावानं माहीत झाली. २०१८ च्या पावसाळ्यात तर आजूबाजूच्या गावांतली जागल बंदच पडली. ऊन कलायच्या आत माणसं वावरातून घरी यायची, तीही घोळक्यानं, हातात काठ्या घेऊन. डुकरांनी पीक खाल्लं तर खाऊ दे, असं म्हणायची वेळ आली होती.

वाघिणीला मारावं की जिवंत पकडावं, यावर टीव्हीवर आणि कोर्टात वाद चालला होता. आमच्या घरातला वाद वेगळा होता. आबाजींच्या खोलीला रात्री बाहेरून कडी घालायची की नाही?

ऑक्टोबरमधल्या एका रात्री आबाजी मागच्या दारानं निघून गेले. अडीचला वडिलांना जाग आली तर खाट रिकामी. वडील, काका, शेजारची दोन माणसं, बॅटऱ्या आणि वाजवायला पितळी ताट घेऊन निघाले. वावर घरापासून अर्ध्या कोसावर. आबाजी विहिरीवर स्टार्टरच्या पेटीसमोर उभे होते. पेटीचं झाकण उघडं, बॅटरी बगलेत धरलेली. लाइन नव्हतीच. वडिलांना बघून म्हणाले, "फ्यूज गेला वाटते." त्यांच्या दृष्टीनं काहीच बिघडलं नव्हतं. रात्रीच्या पाळीला आलेल्या माणसानं जे करायचं तेच ते करत होते.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री त्या वाघिणीला गोळी घालून मारण्यात आलं. गाव हळूहळू पुन्हा अंधारात बाहेर पडू लागलं. आमच्या घरात मात्र तोवर कडी लागली होती आणि ती तशीच राहिली. आबाजी आतून दार बडवायचे. "मले काऊन कोंडलं? म्या काय केलं?" हा आवाज पहाटेपर्यंत चालायचा. दाराच्या अलीकडे आई बसलेली असायची. पहाटे पाचला तिचा दिवस सुरू व्हायचा: गोठा, चूल, पाणी, मग वावर.

*

रात्री झोप न येणं वेगळं आणि ही रात्र आहे हेच न कळणं वेगळं. आबाजींचं दुसरं होतं.

आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. दोन्ही मिळून साधारण वीस हजार पेशी. हे शरीराचं मुख्य घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते रोज स्वतःला लावून घेतं. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढायला लागतं, शरीराचं तापमान किंचित उतरतं, डोळे जड होतात. पहाटे याच्या उलट. असं घड्याळ प्रत्येक पेशीतही चालतं. ते कसं चालतं हे फळमाशीवर प्रयोग करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. आबाजींचं निदान झालं तेच वर्ष.

वय वाढतं तसं हे घड्याळ मंद होतंच. म्हणून बहुतेक म्हातारी माणसं लवकर झोपतात, लवकर उठतात, मधे दोनदा जागी होतात. अल्झायमरमध्ये मात्र घड्याळाच्या पेशीच कमी होत जातात. डिक स्वाब या डच शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत हे दाखवून दिलं होतं. परिणाम असा होतो की सलग सहा-सात तासांची झोप तुटते आणि तिचे तुकडे चोवीस तासांत विखुरतात. गाढ झोप आणखी कमी होते. माणूस एकूण कमी झोपतो असंही नाही. काही जण एकूण जास्तच झोपतात, पण नको त्या वेळी.

आता असा माणूस रात्री दीडला जागा झाला तर? तुम्ही-आम्ही फोन उचलून वेळ बघतो, 'अरे, दीडच वाजलाय' म्हणतो आणि कूस बदलतो. त्याच्या मेंदूला हा निरोप मिळत नाही. मग तो जागं होण्याचं कारण आठवणीतून काढतो, आणि या आजारात ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या बऱ्याच काळ टिकतात. निवृत्त शिक्षक शाळेत निघतो. पाच लेकरं वाढवलेली आजी तान्हं बाळ कुठे गेलं म्हणून शोधते. आबाजींकडे मध्यरात्री उठण्याचं एकच कारण साठलेलं होतं, वावर. मला असं वाटतं की जाग आजारानं आणली आणि तिचं कारण त्यांच्या आयुष्यानं पुरवलं.

सगळ्या डिमेन्शियांत रात्र सारखी नसते, हेही सांगायला हवं. लुई बॉडी नावाच्या प्रकारात माणूस झोपेतच लाथा मारतो, ओरडतो, स्वप्नातली मारामारी खरी करतो. हे कधीकधी विसरभोळेपणा दिसायच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतं. म्हणून डॉक्टरकडे जाताना 'झोपत नाहीत' एवढंच सांगून भागत नाही. किती वाजता उठतात, उठून काय करतात, डोळे उघडे असतात की मिटलेले, दिवसा किती झोपतात, हे आठवडाभर फोनमध्ये लिहून न्यावं. आमच्या डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडली ती हीच यादी.

*

संध्याकाळचंही एक वेगळं प्रकरण होतं. चार-साडेचार वाजले की आबाजी बेचैन व्हायचे. हात चोळायचे, अंगणात फेऱ्या मारायचे. "चाला, घरी चाला." "मामाजी, हे घरच आहे." "हे नाही. माह्या घरी." इंग्रजीत याला 'सनडाउनिंग' असं नाव आहे. दिवसभराचा थकवा, मंदावलेलं घड्याळ, कमी होणारा उजेड आणि लांबणाऱ्या सावल्या, असं सगळं त्यात एकत्र येतं. खुंटीवरचा सदरा माणूस वाटतो, आरशात दुसराच कुणी दिसतो.

आमच्याकडे तिन्हीसांजेला झोपू नये, भांडू नये, दिवा लावावा असं म्हणतात. त्यामागे डिमेन्शियाचं ज्ञान होतं असं मी म्हणणार नाही. पण दिवा लावण्याची वेळ आईनं पुढे आणली. अंधार व्हायची वाट न बघता पाचलाच सगळे बल्ब लावायचे, आरशावर टॉवेल टाकायचा, टीव्ही बंद करायचा आणि आबाजींच्या हातात काहीतरी काम द्यायचं. तूर निवडणं, सुतळीच्या गाठी सोडवणं. फरक पडला. बेचैनी पूर्ण गेली नाही, पण तिचा जोर उतरला.

*

त्याआधी मात्र गोळी आली. आमच्याकडे झोपेचा उपाय म्हणजे गोळी. ओळखीच्या एका माणसानं तालुक्याच्या ठिकाणाहून पाकीट आणून दिलं. पहिल्या रात्री आबाजी झोपले आणि अख्खं घर झोपलं. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते न्हाणीत पडले. कपाळाला सहा टाके. ते दिवसभर गुंगीत राहायला लागले, त्यामुळे दिवसा झोपायचे, आणि रात्री पूर्वीपेक्षा जास्त गोंधळलेले जागायचे. गोळीनं घड्याळ दुरुस्त होत नव्हतं, आणखी बिघडत होतं.

झोपेच्या नेहमीच्या गोळ्या डिमेन्शियाच्या माणसाला पाडतात, आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं, म्हणजे कायमचं अंथरूण धरणं. सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या 'साध्या' म्हणून दिल्या जातात. त्यातल्या बऱ्याच मेंदूतल्या नेमक्या त्या रसायनाला अडवतात जे अल्झायमरमध्ये आधीच कमी झालेलं असतं. गोंधळ वाढतो. भ्रमावरच्या मानसिक आजारांच्या गोळ्याही या माणसांना सर्रास शांत करायला दिल्या जातात. त्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी त्या द्याव्या लागतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा, थोड्या काळापुरता आणि लक्ष ठेवून. चालू असलेली गोळी आपल्या मनानं एकदम बंद करणंही तितकंच धोक्याचं.

वर्ध्याकडच्या ज्या डॉक्टरांकडे शेवटी गेलो, त्यांनी नवी गोळी लिहायच्या आधी प्रश्न विचारले. लघवीला रात्री किती वेळा उठतात? पोट साफ होतं का? गुडघे दुखतात का? हे सगळंच होतं. आबाजींना प्रोस्टेटचा त्रास होता. रात्री लघवीच्या कळेनं जाग यायची, पण ती कळ आहे हे त्यांना सांगता यायचं नाही. जागं झाल्यावर लाइन आठवायची. त्यावर उपचार झाले. डिमेन्शियासाठी चालू असलेली डोनेपेझिल ही गोळी रात्री घेतली जात होती. तिनं काहींची झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. मग म्हणाले, "आता रात्रीचं सोडा. दिवसाचं सांगा. दिवसभर काय करतात?"

काहीच करत नव्हते. ओसरीच्या आतल्या खोलीत बसून असायचे. पडतील, उन्हानं चक्कर येईल, म्हणून आम्हीच त्यांना आत ठेवलं होतं.

*

रात्र दुरुस्त करायची तर दिवसापासून सुरुवात करावी लागते, हे मला त्या दिवशी समजलं.

नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाबद्दल नंतर वाचलं. बारा वृद्धाश्रमांतल्या १८९ जणांवरचा हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी दिवसभर बसायच्या खोलीत साधारण हजार लक्स इतका लख्ख उजेड ठेवला, काही ठिकाणी नेहमीचा मंद उजेड. लख्ख उजेडातल्या लोकांची बुद्धी जरा हळू घसरली आणि उदासीही थोडी कमी राहिली. फरक मोठा नव्हता, पण त्यासाठी लागले होते फक्त दिवे.

मी फोनवर उजेड मोजायचं ॲप उतरवलं. आमच्या मातीच्या घराला एक छोटी खिडकी. आबाजी बसायचे त्या कोपऱ्यात आकडा शंभरापर्यंतही जाईना. अंगणात लिंबाच्या सावलीत तो काही हजारांवर गेला. हॉलंडमध्ये जे दिव्यांनी करावं लागलं ते आमच्या अंगणात फुकट होतं.

मग दिवस बदलला. सकाळी सातला आबाजी अंगणात. उन्हाळ्यात साडेआठपर्यंतच, कारण यवतमाळचं ऊन त्यानंतर सोसत नाही. हिवाळ्यात अकरापर्यंत. हातात काम हवंच. वेचून आणलेल्या कापसातली पत्ती आणि काडीकचरा काढायला दिला तर ते तास-दीड तास बसायचे. बोटं विसरली नव्हती. दुपारी डुलकी अर्ध्या तासाची, मग उठवायचं. तीननंतर चहा बंद. हा नियम सगळ्यात अवघड गेला, कारण पाहुणा आला की चहा आलाच. जेवण सातला. झोपायच्या आधी लघवी. रात्री न्हाणीकडे जायच्या वाटेवर एक मंद पिवळा दिवा. खोलीची कडी काढून टाकली आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतो ती घुंगरमाळ दाराला लावली. दार हललं की घर जागं व्हायचं, आणि आबाजींना कोंडल्यासारखं वाटायचं नाही.

आणि आईला एक उत्तर सापडलं. 'लाइन आली नाही' म्हटलं की वाद व्हायचा. 'तुमचं वावर आता मुलगा बघतो' म्हटलं की ते दुखावायचे. एका रात्री ती म्हणाली, "मामाजी, आज आपली पाळी नाही. आज शेजारच्याईची हाय. उद्या आपली." आबाजी थांबले. "असं काय? मंग झोपतो." आणि जाऊन झोपले. पाळी म्हटल्यावर त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. तो त्यांनी आयुष्यभर पाळलेला नियम होता.

चमत्कार काही झाला नाही. रात्रीचं चार-पाच वेळा उठणं दोनवर आलं. काही रात्री पूर्वीइतक्याच वाईट जायच्या. ताप आला, लघवीचा जंतुसंसर्ग झाला की सगळं मूळपदावर. पण आठवड्यातल्या चार रात्री बऱ्या जायला लागल्या.

*

चार रात्री बऱ्या म्हणजे तीन रात्री आई जागी. ही गोष्ट घरात कुणी मोजत नव्हतं.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगतात, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. या ८८ लाखांच्या शेजारच्या खाटेवर किती जणी जाग्या असतात याचा हिशेब त्यात नाही. डिमेन्शियाच्या माणसाला घरी ठेवणं अशक्य होतं त्यामागे रात्रीचं जागरण हे मोठं कारण असतं. पाश्चात्त्य देशांत तेव्हा माणूस वृद्धाश्रमात जातो. आमच्याकडे तो घरातच राहतो आणि सून झिजते.

२०१९ च्या दिवाळीत आईनं मला विचारलं, "कमी झोपल्यानं हाच आजार होतो म्हणतात. खरं काय?" तिनं व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचलं होतं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास आठ हजार लोकांचा पंचवीस वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशी, साठी आणि सत्तरी, या तिन्ही टप्प्यांवर सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे शंभरात दहा जणांना होणार असेल तिथे तेरा जणांना. कमी झोपेमुळेच आजार झाला असं यातून सिद्ध होत नाही. मेंदूतले बदल निदानाच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतात, आणि आजारच आधी झोप खात असेल असंही असू शकतं. पण पन्नाशीतल्या एका बाईनं चार-चार वर्षं रात्री जागून काढाव्यात हे बरं नाही, हे कळायला अभ्यासाची गरज नव्हती. तिचं बीपी वाढलं होतं, चुलीसमोर बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात मी पुण्याहून घरी आले. काम लॅपटॉपवर, रेंज फक्त गच्चीत. तसंही मी दोनशिवाय झोपत नव्हते. म्हणून ठरवलं: रात्री दहा ते दोन माझी जागल, दोन ते पहाटे वडिलांची, आणि आईनं काकांच्या घरी जाऊन झोपायचं, दार लावून.

पहिल्या तीन रात्री तिला तिथेही एकला जाग आली. घुंगरमाळ वाजल्याचा भास व्हायचा. चौथ्या रात्री ती झोपली ती सकाळी सातपर्यंत. काकू म्हणाल्या, उठवायचं जिवावर आलं. महिनाभरात तिचं रोजचं डोकं दुखणं थांबलं.

माझ्या पाळीत आबाजी उठायचे. मी कोण, हे त्यांना तेव्हा कळत नव्हतं. "आज कोणाची पाळी?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "माझी." ते मला वरपासून खालपर्यंत बघायचे, काठी घेतली का विचारायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. आधी आई हे उत्तर त्यांची समजूत काढायला द्यायची. आता ते खरंच झालं होतं.

*

२०२१ च्या उत्तरार्धात आबाजींचं रात्री उठणं कमी झालं. मग थांबलं. ते दिवसरात्र झोपू लागले, जेवायला उठवावं लागायचं. भेटायला येणारे म्हणायचे, आता शांत झाले. आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असं होतं. मेंदूचं नुकसान इतकं वाढलेलं असतं की जागं राहणंच जड जातं. आम्ही त्या शांततेचा अर्थ ओळखला होता, म्हणून डॉक्टरांशी बोलून दवाखान्याच्या फेऱ्या थांबवल्या आणि कूस बदलणं, तोंड ओलं करणं एवढंच बघितलं. २०२२ च्या फेब्रुवारीत, हरभरा सोंगायच्या दिवसांत, ते गेले.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण माझ्यासारखेच गावापासून लांब राहत असतील. घरच्यांशी बोलताना आजोबा कसे आहेत, आजी कशी आहे, हे आपण विचारतो. त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारा: रात्री त्यांच्याबरोबर कोण उठतं? उत्तर बहुतेक वेळा एकाच बाईचं नाव असेल. ते नाव कळलं की पुढचं सोपं आहे. दिवसा त्या म्हाताऱ्या माणसाला उजेडात बसवायची सोय करा. गोळी आणण्याआधी डॉक्टरांना दुखणं, लघवी, पोट विचारा. चौकशीसाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. जागणाऱ्या बाईचं मन थकलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि सुट्टीत घरी गेलात की पहिली पाळी तुम्ही घ्या, रात्री दहा ते दोनची. तेवढा वेळ तुम्ही फोन घेऊन जागेच असता.